आठ माणसे, एक खेचर

हणमंत,

रविवारी वाचन झाले. ते कसे झाले ते तुला सांगायचे आहे. क्रमाने सांगेन. तू मध्ये बोलून क्रम मोडणार नाहीस, ही सोय मला प्रथमच मिळाली आहे. ती मी मागितली नव्हती.

हा मजकूर छापला जाईल आणि तुला न पाहिलेली माणसेही तो वाचतील. तेव्हा तुला ठाऊक असलेल्या काही गोष्टी पुन्हा सांगाव्या लागतील, त्या ऐकून घे. तू कोणत्या साली भरती झालास, कोणत्या साली हवालदार झालास, कोणती पदके मिळाली, हे मी लिहिणार नाही. ते तुझ्या पेन्शनच्या कागदांत आहे.

आपण कराडच्या शाळेत चार वर्षे एका बाकावर बसलो. पुढे तू फौजेत गेलास, मी साताऱ्यात इतिहास शिकवू लागलो. तुझ्या गावात घरटी एक माणूस फौजेत गेलेला. त्यांच्यात तू खेचर कंपनीतला. फौजेत खेचर हाकणाऱ्यालाही ड्रायव्हर म्हणतात. त्यामुळे लग्न होईपर्यंत तुझे सासरे तू मोटार चालवतोस असेच समजून होते, हे वहिनी अजूनही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात.

मला फौज ठाऊक होती ती पुस्तकातून. साताऱ्याच्या ग्रंथालयात प्राचीन रोमच्या सैन्यावरचा एक जाड इंग्रजी ग्रंथ होता. तो मी इतक्या वेळा घरी नेला की ग्रंथपालांनी तो परत मागणे सोडून दिले होते. निवृत्तीनंतर सांगलीत घर केले, तेव्हा ठरवले की एकच पुस्तक लिहायचे. त्यात एक कल्पित राज्य असेल आणि त्याचे सैन्य रोमच्या सैन्याच्या धर्तीवर उभे असेल. खऱ्या राज्याबद्दल लिहिले की कोणाचा तरी पूर्वज दुखावतो. कल्पित राज्यात ती अडचण नाही. राज्याचे नाव अरुणमाळ ठेवले. शत्रू ठेवला शिळापुरुष. डोंगराएवढे, दगडाच्या अंगाचे. त्यांना भूक लागत नाही, झोप येत नाही.

चार वर्षांपूर्वी मी ते हस्तलिखित घेऊन तुझ्या गावी आलो. गावातील माजी सैनिक महिन्यातून एकदा शाळेच्या मोठ्या खोलीत जमत. ज्यांनी फौज पाहिली आहे त्यांच्यासमोर वाचावे, असा माझा विचार होता. खरे सांगायचे तर मला त्यांची शाबासकी हवी होती. पहिलेच प्रकरण वाचले. राजपुत्र अग्निसेन तीस हजारांची फौज घेऊन सूर्यास्ताला निघतो, तप्त माळ एका रात्रीत ओलांडतो आणि पहाटे पेटत्या तलवारीने शिळापुरुषांच्या राजावर तुटून पडतो. हे वाक्य मी आवाज चढवून वाचले. खोलीत मागून कोणीतरी हसले, मग पुढची रांगही हसली.

सुभेदार तात्यांनी विचारले, "गुरुजी, तरवार पेटलेली हाय तर मूठ भाजत न्हाई व्हय त्या पोराची?"

तुझ्या गावात सुभेदार तात्यांचा शब्द अखेरचा असतो. ते उठले तशी सगळी खोली उठली. जाताना त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला. तीस हजार माणसे पहाटे कोणत्या बाजूला बसली, असा त्या प्रश्नाचा आशय होता. मूळ शब्द इथे देण्याजोगे नाहीत. प्रश्न रास्त होता.

तू तेवढा बसून राहिलास. आपण त्याआधी तीस वर्षांत पाच-सहा वेळा भेटलो असू. तू म्हणालास, "मास्तर, तुझी फौज जेवती कवा?"

मी पिशवी उचलली आणि पहिली एसटी पकडली. सांगलीला आल्यावर हस्तलिखिताला दोरी बांधून ते कपाटावर टाकले. पुन्हा खाली काढायचे नाही, असे ठरवले होते. हे मी तुला कधी सांगितले नाही. तुला वाटत असे की मी आठ दिवस दुरुस्त्या करीत होतो.

आठव्या दिवशी तू दारात उभा होतास. हातात वहीचा फाडलेला कागद, त्यावर बावीस प्रश्न. खेचरे किती? नाल कोण मारतो? ओले जोडे कुठे वाळवतात? दाणा कोण मोजून देतो? मी तुला चहासुद्धा विचारला नाही. तू स्वतःच खुर्ची ओढलीस आणि विचारलेस, "ते तुझे रोमवाले जेवत हुते का न्हाई?"

मी ग्रंथ काढला. त्यात सारे होते. आठ माणसांचा एक तंबू, त्या आठांना एक खेचर. खेचरावर तंबू आणि एक लहान जाते. सैनिकांना शिधा मिळे तो दाण्यांचा. पीठ त्यांनी रोज स्वतः दळायचे. हा भाग मी वाचला होता आणि किरकोळ म्हणून वगळला होता. भाले, निशाणे, तुतारी एवढे उचलले होते. तीस वर्षे इतिहास शिकवलेल्या माणसाने जाते किरकोळ ठरवले.

तू ते ऐकलेस आणि मांडीवर थाप मारलीस. "बराबर हाय! पीठ न्यायचंच न्हाई. जोंधळ्याचं पीठ चार दिवसांत कडू व्हतं. दाणा ऱ्हातो. शाणी हुती तुझी माणसं." ग्रंथातही कारण जवळपास तेच होते. तू तो कधी वाचला नव्हतास.

त्या दिवसापासून अरुणमाळाच्या फौजेत खेचरे आली.

तू दर पंधरवड्याला येऊ लागलास. मी ग्रंथातले काढून वाचायचे, तू ते आपल्या मातीत बसवायचे, असे काम चालले. रोमचे सैनिक पाण्यात आंबट द्राक्षासव घालून पीत. तू म्हणालास, आंबील. मी म्हटले, आंबील प्रवासात टिकणार नाही. तू म्हणालास, "टिकवायची न्हाई, रोज घालायची. दळत्यात तर आंबवत बी असत्याल." त्यांचे सैन्य रोज संध्याकाळी, कितीही चालून आले तरी, मुक्कामाभोवती खंदक खणे, मातीचा बांध घाली आणि आत तंबू नेहमी त्याच क्रमाने उभारी. मी म्हटले, हे वाचकाला कंटाळवाणे होईल. तू मला गप्प केलेस. "रोज तंबू त्याच जाग्याला? मग ती फौज हारत न्हाई. दमल्याल्या माणसाला इचार कराय लावू नये." हे वाक्य मी जसेच्या तसे सेनापतीच्या तोंडी घातले आहे, फक्त भाषा सेनापतीची केली. तुला ते आवडले नव्हते. "माझं वाक्य धुऊन वाळत घातलंस," म्हणालास.

अग्निसेनाची तलवार विझली. पुढे अग्निसेनही गेला. त्याच्या जागी एक खेचरवाला आला. तो मी निर्माण केला असे लोक म्हणतील. मी फक्त त्याच्या मिशा बदलल्या.

पुस्तक निम्मे झाले तेव्हा मी छापायचे बोललो. तू नाही म्हणालास. "माझ्या गावची माणसं शेवटापतुर बसून ऐकत्याल त्या दिवशी छाप. त्याच्या आदी छापलंस तर मी तुझ्या दाराला येणार न्हाई." मी म्हटले, तुझ्या गावची माणसे म्हणजे काय विद्यापीठ आहे का? तू शांतपणे म्हणालास, "तुला फौजेचं पुस्तक लिवायचंय का मास्तरांचं?" मी शब्द दिला. सहजी दिला नाही, पण दिला. माझे एकुलते एक पुस्तक निघणार की कपाटावर पडणार, हे त्या दिवसापासून त्या खोलीतल्या माणसांच्या हाती गेले.

म्हणून फौजेसारखी एक पायी चाल काढली. आठ माणसे, एक खेचर, एक जाते, एक दिवस. वाचून दाखवण्याआधी करून बघायचे, असे तुझे म्हणणे. तू गावातून सहा जण जमवलेस, सातवा तू, आठवा मी. सहांत सुभेदार तात्याही होते. "गुरुजी कुठं पडत्यात ते बघाय येतो," असे सांगून आले. खेचर कराडच्या एका वीटभट्टीवरचे. जागा आटपाडीकडचा माळ, कारण तिथे तुझी लेक दिलेली. वहिनीही निघाल्या. जाते त्यांच्या आईने दिलेले होते आणि ते एकटे पाठवायला त्या तयार नव्हत्या. खेचर, वहिनी आणि जाते टेम्पोतून. आम्ही एसटीने विट्याच्या पुढे उतरलो.

खेचरावर ओझे मी चढवले. ग्रंथात चित्र होते. जात्याचे दोन्ही दगड एका अंगाला बांधले, तंबू दुसऱ्या अंगाला, आणि हे झाले म्हणून हात झटकले. खेचर वीस पावले चालले आणि खाली बसले.

तू मला सगळ्यांदेखत झापलेस. "मास्तर, दगूड एकीकडं आन कापूड एकीकडं! त्याच्या पाठीला काय तराजूचा काटा हाय व्हय?" मग खोगीर उतरवलेस, त्याच्या पाठीवरून हात फिरवलास आणि फौजेतल्या हिंदीत म्हणालास, "उठ बेटा, साहब नया है." सातजण हसले. आठव्यानेही थोडे हसून घेतले, तुझी पाठ असताना. तू जात्याचा वरचा दगड एका अंगाला बांधलास, खालचा दुसऱ्या अंगाला. जाते दोन दगडांचे असते, हे मला लहानपणापासून माहीत होते.

दिवसभर चाललो. पाठीवर शिधा, खांद्यावर टिकाव-फावडी. तुझा नियम होता, थांबले की आधी खेचराला पाणी, मग दाणा, मग माणसे. तात्या दोनदा कुरकुरले. दुपारनंतर माझी टाच सोलली. मी बोललो नाही. तू माझ्याकडे न बघता चाल हळू केलीस आणि खेचर दमल्याचे सांगितलेस. खेचर दमले नव्हते.

ऊन कलले तेव्हा खणायला लागलो. मुरूम. टिकाव मारला की ठिणगी उडे. एक म्हातारा धनगर मेंढरे सोडून काठावर येऊन उभा राहिला.

"पाटाचं काम हाय का?" त्याने विचारले. "पाणी येणार व्हय?"

तात्या घाम पुसत म्हणाले, "न्हाई बाबा. राक्षस येणार हायती."

धनगराने विचार केला. "येऊ द्यात की. येताना पाणी आणत्याल का?"

तात्या फावडे टाकून बसले आणि खोकला येईपर्यंत हसले. त्यानंतर त्या माळावर मला कोणी गुरुजी म्हणून वेगळे ठेवले नाही. खणताना चुकलो की शिव्या इतरांना पडत तशाच पडल्या. खंदक गुडघ्याएवढाच झाला. पण बांध घालून आत तंबू उभा राहिला, तेव्हा सकाळी जिथे काही नव्हते तिथे एक जागा झाली होती. तिला आत होते, बाहेर होते, दार होते. तात्या त्या दारातून दोनदा आतबाहेर करून आले. कारण विचारले तर म्हणाले, "बघितलं."

मग दळण. तिथे सगळे अडले. सहाही जण लांब उभे. तात्यांनी स्पष्टच सांगितले, "बायकांच्या जात्याला मी हात लावणार न्हाई." तू बसलास. मी बसलो. खुंटा दोघांनी धरला. चार फेऱ्यांत माझा दंड भरला आणि जाडेभरडे पीठ पडू लागले.

वहिनी लांबून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "आवं, मुक्यानं काय दळताय? मुक्यानं दळलं की हात भरून येतो. भावजी, तुमच्या त्या फौजंत वव्या न्हाईत?"

नव्हत्या. ग्रंथात नव्हत्या, म्हणून पुस्तकात नव्हत्या. तीस हजार माणसे रोज दळत होती आणि मी त्यांना मुकी ठेवली होती. वहिनींनी आमच्यासमोर बसून, तुझ्याकडे आणि खेचराकडे एकदा बघून, ओवी केली:

दळण दळीतो, जोंधळा आठांच्या वाट्याचा,
नववा सोबती, खेचर चढणीच्या घाटाचा.

तू ती उचललीस. तुझा आवाज वाईट होता, हे या प्रसंगीही लिहिले पाहिजे. पण दगड फिरू लागला. दुसऱ्या वेळी मागून आणखी दोघांचे सूर आले. तिसऱ्या वेळी तात्या आले, मला बखोटीला धरून उठवले आणि माझ्या जागी बसले. "सरका. तुमी दाणा घाला. मापात घाला." भाकरी वहिनींनी थापल्या नाहीत. त्यांनी फक्त आमच्या हातांकडे बघून तोंडाला पदर लावला. आकार काही असो, आठ माणसे आठ माणसांच्या हातचे जेवली.

त्या दिवशी मी तुला काही बोलायला हवे होते. "ठीक झाले," एवढेच म्हणालो. तू म्हणालास, "लय बोललास."

एक वाद आपण मिटवला नाही. रोमच्या सैन्यात एखादी तुकडी रणात पळाली तर तिला गव्हाऐवजी जव देत. तशी शिक्षा मी अरुणमाळात ठेवली. पळालेल्या तुकडीला जोंधळ्याऐवजी कोंडा. तू चिडलास. इतका चिडलेला मी तुला त्याआधी आणि त्यानंतर पाहिला नाही. "शिक्षा द्यायची तर दोन खंदक जास्त खणाय लाव. उन्हात हुबा कर. ताटातलं काडू नको." मी म्हटले, इतिहासात तसे आहे. तू म्हणालास, "मग इतिहासाला भूक लागल्याली न्हाई कवा." बर्फातल्या एका चौकीबद्दल तू त्या दिवशी अर्धे वाक्य बोललास आणि थांबलास. मी पुढे विचारले नाही. विचारायला हवे होते, असे आता वाटते. तेव्हा मला वाटले, माणूस थांबला तर थांबू द्यावे.

शिक्षा पुस्तकात राहिली आहे. पण खेचरवाला त्या तुकडीच्या तंबूत जाऊन आपली भाकरी मोडून देतो, आणि सेनापतीसमोर उभा केल्यावर तुझे वाक्य बोलतो. सेनापतीचे उत्तर मी चार वेळा लिहिले. चारही वेळा खोडले. ते प्रकरण उत्तराविना संपते.

आता जे लिहायचे ते लिहितो.

पुस्तकातल्या प्रकरणांना आपण मुक्काम म्हणत असू. सतरा मुक्काम जसजसे लिहून झाले, तसतसे तू ऐकलेस. अठरावा, शेवटचा, मी कोणालाच दाखवला नाही. वाचनाचा रविवार ठरला. आदल्या मंगळवारी तू गावातल्या एसटीडी बूथवरून फोन केलास. खोकत होतास. म्हणालास, "शेवट सांग की रं."

"रविवारी ऐक."

"खेचर जगतं का तेवढं सांग."

"सगळ्यांबरोबर ऐक, हणमंत. आधी सांगितले तर तू चावडीवर सांगत सुटशील."

"बरं बाबा," म्हणालास. "कडू मास्तर हायस." आणि फोन ठेवलास. गुरुवारी तू गेलास.

शिस्त म्हणून मी तुला शेवट सांगितला नाही. एका मिनिटाचे काम होते. याबद्दल यापेक्षा जास्त लिहिणे मला जमणार नाही.

म्हणून शेवट आता सांगतो. शिळापुरुषांना झोप नाही, भूक नाही. त्यामुळे मागे फिरण्याचे कारण त्यांना कधी कळलेच नाही, आणि थांबण्याचेही. माणसे मात्र रोज थोडी पुढे येतात, थांबतात, खणतात, दळतात, जेवतात, पाळीपाळीने निजतात. शिळापुरुष रोज सकाळी पाहतात तर काल जिथे उघडा माळ होता तिथे बांधाचे एक गाव उभे आहे, आणि ते कालच्यापेक्षा जवळ आहे. ते चाल करून येतात आणि खंदकाशी अडतात, कारण दगडाला वाकता येत नाही. पडलेला शिळापुरुष उठत नाही. अठराव्या मुक्कामाला त्यांच्या दरीच्या तोंडावर फौज उतरते. पहाटेला त्यांच्या कानावर तुतारी येत नाही. जात्यांची घरघर येते, हजारो जात्यांची, आणि त्यावर ओवी. इतका मोठा आवाज करूनही ही माणसे निवांत आहेत, हे पाहून शिळापुरुषांचा राजा प्रथमच खाली बसतो. बसलेला दगड डोंगर होतो. तो डोंगर अजून तिथे आहे. युद्ध संपते.

खेचर जगते. म्हातारे होऊन, पाठीला एकही जखम नसताना, सावलीत उभे राहते.

तुझे दिवस झाल्यावर वाचन घ्यायचे की नाही, हे मी वहिनींना विचारले. त्या म्हणाल्या, "त्येंनी खुर्च्या सांगून ठेवल्यात." म्हणून नंतरचा हा रविवार ठरला.

खोली तीच. माणसे तीच, चार कमी. तात्या पुढच्या रांगेत हाताची घडी घालून बसले. या वेळी बायकाही मागे बसल्या होत्या; ओवी आहे ही बातमी वहिनींनी पसरवली होती. मी आवाज चढवला नाही. पहिली तीन प्रकरणे संपली तरी कोणी हसले नाही. मला ते चांगले लक्षण वाटले नाही. दुपारी जेवणाची सुटी झाली. जेवून किती परततील याची मला खात्री नव्हती. मी खोलीत परतलो तेव्हा ते सारे माझ्या आधी येऊन बसले होते.

पंधराव्या मुक्कामाच्या मध्यावर नाईक बापू उठले. ते चालीतल्या आठांपैकी एक. ते दाराकडे निघाले, तसे माझे वाचन थांबले. मागच्या वेळीही असाच एक माणूस आधी उठला होता. दाराशी बापू वळले आणि रागाने म्हणाले, "थांबलाय न्हवं? थांबा तसंच. मी जाऊन येतो. मी यायच्या आत फुडं गेला तर बघा!"

आम्ही सगळे बापू येईपर्यंत थांबलो. तात्यांनी तेवढ्यात कोंड्याच्या शिक्षेचा विषय काढला. अर्धे जण सेनापतीच्या बाजूचे निघाले, अर्धे खेचरवाल्याच्या. त्यांना गप्प करायला मला पट्टी टेबलावर आपटावी लागली. निवृत्तीनंतर प्रथमच.

ओवी आली तेव्हा मागच्या बायकांनी ती माझ्या तोंडून काढून घेतली. दोनच ओळी होत्या. त्यांनी पुढे अकरा रचल्या. मी त्यांतल्या सहा उतरून घेतल्या आहेत.

शेवटचे पान वाचून मी वही मिटली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तुझ्या गावात टाळ्या पुढाऱ्यांना वाजवतात. तात्या मग म्हणाले, "ही फौज हवालदाराची हाय, गुरुजी. तुमी नुस्ती लिवलीया."

मी म्हटले, "होय."

हे उत्तर मला चार वर्षे देता आले असते. तू समोर असताना दिले असते तर तू त्यावर काय बोलला असतास, ते मला ठाऊक आहे, म्हणूनच दिले नाही. आता नोंदवून ठेवतो. मी एक फौज सजवली होती, तू ती चालती केलीस. मी तुझा ऋणी आहे. वाक्य धुतलेले नाही.

मी निघण्यासाठी पिशवी भरू लागलो, तर तात्या फळ्याशी उभे. खडू घेऊन त्यांनी अठराव्या मुक्कामाचा चौकोन काढला होता. खंदक, चार दरवाजे, दरीचे तोंड. भोवती सगळी खोली.

"गुरुजी, हिकडं या. ह्यो उत्तरंचा दरवाजा चुकलाय. ह्या अंगाला नाला दावलाय तुमी. नाल्याच्या तोंडाला दरवाजा ठिवतंय का कोण? फौज मारून घ्याल."

बापू म्हणाले, "खेचरं पाण्याला कुठनं काढायची मग? नाल्याकडनंच काढावी लागत्याल की."

"खेचरं पश्चिमंनं काढ!"

"पश्चिमंला बांध उंच हाय, तात्या. खेचर काय उडतंय?"

मी सांगितले की आता बदल करणे शक्य नाही, उद्या सकाळी हस्तलिखित सांगलीच्या छापखान्यात द्यायचे ठरले आहे.

तात्यांनी माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिले नाही. "मग छापखान्याला म्हणावं थांबा. माणसं मरत्याल."

मी पुन्हा बसलो. वही उघडली. ते दोघे भांडले, तिसरा मध्ये पडला, चौथ्याने फळा पुसून नवा चौकोन काढला. दिवेलागणीला निकाल लागला. दरवाजा ईशान्येला सरकवला, खेचरांसाठी बांधात एक वेगळी वाट सोडली आणि तिच्यावर पहारा म्हणून बापूंनी स्वतःला नेमले. मी ते पान तिथेच, त्यांच्यासमोर, नव्याने लिहिले आणि वाचून दाखवले. तात्यांनी मान हलवली.

पुस्तक मंगळवारी छापायला गेले.